आज रात्री नांगर कुठे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मी बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा. केदारेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आणि जुना किल्ला यांमुळे जाणकारांना हे गाव माहीत असते. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. तेव्हा धर्मापुरीच्या माणसाने उठून गलबतांवर आणि बंदरांवर बोलावे याचे कोणालाही नवल वाटेल. पण या विषयाची गोडी मला समुद्राने लावली नाही. ती लावली माझ्या आजोबांच्या बैलगाडीने.

आजोबा जत्रेला, बाजाराला गाडीने जायचे. वाटेत रात्र काढायची वेळ आली की त्यांचे काही नियम असत. गाडी सोडायची जागा दिवस मावळायच्या आत बघायची. पाणी जवळ हवे, पण ओढ्याच्या पात्रात गाडी सोडायची नाही. वर कुठे पाऊस झाला तर रातोरात लोंढा येतो. ओळखीच्या गावाजवळ थांबायचे, अनोळखी गावात चौकशी केल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत. आणि शेवटचा नियम म्हणजे गाडीचे जू सकाळी निघायच्या दिशेला ठेवायचे. रात्री काही झालेच तर गाडी वळवण्यात वेळ जाता कामा नये.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो. सुट्टीत कोकणातले जलदुर्ग पाहायला गेलो, तेव्हा देवगडच्या बाजूला एका वयस्कर तांडेलाशी गप्पा झाल्या. मी विचारले, ‘‘काका, शिडाच्या होडीच्या काळात रात्री थांबायची जागा कशी ठरवायचे?’’ ते म्हणाले, ‘‘मास्तरांनू, आताचो वारो बघून नांगर टाकू नये. रातीचो वारो बघून टाकूचो.’’ मला आजोबांचा ओढा आठवला. संध्याकाळी कोरडे दिसणारे पात्र रात्री कोरडे राहील असे नाही, हेच ते सांगत होते.

आजचा माझा विषय हाच आहे. शिडाच्या गलबताने किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना रात्रीचा मुक्काम कुठे करायचा हे कसे ठरत असे, आणि त्या ठरवण्याने आपला इतिहास कसा घडवला. प्रवास म्हटला की आपण चालण्याचा विचार करतो. थांबणे म्हणजे विश्रांती, असे आपल्याला वाटते. पण शिडाच्या गलबतावर थांबण्याची जागा निवडणे हा दिवसातला सर्वांत अवघड निर्णय असे. तो चुकला तर दुसरा दिवस उजाडेलच याची खात्री नसे.

सुरुवात मराठवाड्यापासूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव मात्र काळाच्या ओघात हरवले. त्या मार्गदर्शिकेत आपले पैठण आहे आणि धाराशिव जिल्ह्यातले तेरही आहे. तेरला त्यात ‘तगर’ म्हटले आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या वाटेवर, असा हिशेब त्याने दिला आहे. इथला माल, विशेषतः कापड, गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जाई. म्हणजे जवळजवळ महिनाभराची वाट आणि तितकेच मुक्काम. अंतर किती, हे त्या काळी कोसांच्या आधी मुक्कामांत सांगत.

पण तो माल जिथे जहाजात चढायचा, त्या भडोचची गंमत पुढे आहे. नर्मदेच्या मुखापाशी, खंभातच्या आखातात, भरती-ओहोटीचा जोर भयंकर असतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते; खंभातच्या आखातात हाच फरक काही ठिकाणी दहा मीटरच्याही वर जातो. पेरिप्लसचा लेखक सांगतो की अमावास्येच्या सुमारास ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडतो आणि मग भरतीचे पाणी असे धावून येते की त्याचा आवाज दुरून सैन्याच्या आरोळीसारखा वाटतो. नांगरून पडलेली जहाजे त्या लोंढ्यात उलटतात किंवा वाळूच्या पट्ट्यांवर जाऊन आदळतात.

मग परदेशी जहाजांनी करायचे काय? त्यासाठी भडोचच्या राजाने आपल्या चाकरीत कोळी ठेवले होते. ते मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, जहाजाला दोर बांधून ओढत आणत. त्यांची रीत अशी, की भरती लागली की निघायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून पडून राहायचे, पुन्हा भरती आली की पुढे. नदीत अशा खोल डोहांच्या जागा ठरलेल्या होत्या. अशा टप्प्याटप्प्याने जहाज भडोचला पोहोचे. दोन हजार वर्षांपूर्वी मुक्कामाच्या जागा निवडणे हे राजाच्या नोकरीतले काम होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेरच्या विणकराचे कापड रोमन साम्राज्याच्या बाजारात गेले, त्यात या अनाम कोळ्यांचा वाटा मोठा आहे.

आता भडोचहून खाली आपल्या कोकण किनाऱ्याला येऊ. इथे भरतीचा धोका उतरत जातो, पण वाऱ्याचे गणित सुरू होते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा प्रश्न शिडाच्या गलबताचे सगळे वेळापत्रक होता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो. तेथून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गलबतांचा हंगाम. पहाटे मतलई वाऱ्यावर खाडीतून बाहेर पडायचे. दुपारकडे वायव्येकडून खारा वारा भरून येतो, त्यावर चालायचे. संध्याकाळपर्यंत पुढच्या खाडीच्या मुखाशी पोहोचायचे.

दक्षिणेकडे जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, म्हणून मुंबईहून मालवण सोपे. येताना तोच वारा तोंडावर. मग गलबत किनाऱ्याला चिकटून, वारा आडवा घेत, कधी समुद्राकडे तर कधी जमिनीकडे वळत वर चढायचे; रात्रीच्या मतलई वाऱ्याचाही फायदा घ्यायचे. साहजिकच परतीच्या वाटेवर मुक्काम जास्त. उतरताना जे बंदर लक्षातही राहत नाही, तेच चढताना जीव वाचवते.

मुक्कामाच्या जागेत तांडेल काय बघे? पहिली गोष्ट आडोसा. वारा ज्या अंगाने येणार, त्या अंगाला डोंगराचे टोक किंवा बेट आडवे हवे. दुसरी गोष्ट तळ. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव आहे ते मोजायचे आणि खाली काय आहे त्याचा अंदाज घ्यायचा. चिखल किंवा घट्ट वाळू असेल तर नांगर धरतो. खडक असेल तर नांगर एक तर धरत नाही, नाही तर असा अडकतो की दोर कापून सोडून द्यावा लागतो. तिसरी गोष्ट ओहोटी. भरतीला खोल दिसणारी जागा सहा तासांनी उघडी पडणार नाही ना? वारा फिरला तर गलबत नांगराभोवती फिरेल, तेवढी मोकळी जागा आहे ना? चौथी गोष्ट गोडे पाणी आणि सरपण. पाचवी गोष्ट माणसे. किनाऱ्यावर सत्ता कोणाची आहे? आणि सहावी गोष्ट, आजोबांचे जू. रात्री पळायची वेळ आली तर बाहेर कसे पडायचे?

या सहा गोष्टी एकत्र मिळणारी जागा दुर्मीळ. मी एकदा नकाशावर पट्टी ठेवून कोकणातल्या बंदरांमधली अंतरे मोजली. हर्णै ते दाभोळ, दाभोळ ते जयगड, जयगड ते रत्नागिरी, रत्नागिरी ते विजयदुर्ग, विजयदुर्ग ते देवगड, देवगड ते मालवण, मालवण ते वेंगुर्ले. हे सगळे टप्पे सरळ रेषेत वीस ते पन्नास किलोमीटरच्या आत बसतात. माल भरलेले गलबत बेताच्या वाऱ्यात ताशी पाच-सहा किलोमीटर चालते असे धरले, तर सर्वांत लांबचा टप्पाही नऊ-दहा तासांत उरकतो. म्हणजे पहाटे निघालेला तांडेल दिवेलागणीच्या आत पुढच्या आडोशाला पोहोचतो. खाड्यांची मुखे निसर्गाने दिली हे खरे. पण त्या डझनावारी मुखांपैकी नेमकी हीच मोठी बंदरे झाली, त्यामागे शेकडो वर्षांच्या मुक्कामांची निवड आहे.

प्रत्येक बंदराचा स्वभाव वेगळा. हर्णैला समोर सुवर्णदुर्गाचे बेट आणि खडकाळ आखाताचा आडोसा. दाभोळ हे बहामनी काळातले मोठे बंदर, पण वाशिष्ठीच्या मुखात वाळूचा दांडा. अंजनवेलच्या बाजूने पाण्याचा माग धरून जावे लागे, तेही भरती बघून. मालवणला पाण्याखाली खडकांचे जाळे. वाट माहीत असलेल्याला ते घर, नसलेल्याला थडगे. देवगड लहान, पण चहूकडून बंदिस्त. आणि विजयदुर्ग सगळ्यांत सरस. वाघोटन खाडीच्या मुखाला वाळूचा अडथळा नाही, पाणी खोल, पावसाळी वादळातही मोठ्या जहाजाला आत शिरता येई.

आता पाचव्या गोष्टीकडे, माणसांकडे येऊ. आडोसा उत्तम, तळ उत्तम, पण किनारा परक्याचा असेल तर त्या बंदराचा उपयोग नाही. याचाही जुना दाखला पेरिप्लसमध्येच सापडतो. कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते. पण सत्ता बदलल्यावर तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे लेखक लिहितो. बंदर तेच, पाणी तेच, पण नांगर टाकायची सोय संपली.

सतराव्या शतकातल्या मराठी खलाशाची अडचण नेमकी हीच होती. मुंबई बंदर इंग्रजांकडे. चौल-रेवदंडा पोर्तुगीजांकडे, ते थेट १७४० पर्यंत. त्याखाली राजपुरीची खाडी आडोशाला चांगली, पण तिच्या तोंडाशी जंजिरा आणि जंजिऱ्यात सिद्दी. अलिबागच्या बाजूने निघालेल्या मराठी गलबताला हक्काचा आडोसा मिळे तो सुवर्णदुर्गाजवळ, म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटरवर. कोकणातला बाकीचा कोणताही टप्पा याच्या जवळपासही जात नाही. एका दिवसात न संपणारी ही वाट, आणि मधल्या रात्री शत्रूचा किनारा.

शिवाजी महाराजांचे आरमार पाहताना आपण जहाजे आणि तोफा मोजतो. मला वाटते, त्यांनी समुद्रावरच्या रात्रीही मोजल्या होत्या. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पुढच्याच फेब्रुवारीत, १६६५ मध्ये, महाराज मालवणहून गलबतांत बसून कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. तीन मोठी जहाजे आणि पंचाऐंशी लहान गलबते असा ताफा असल्याचे इंग्रजांच्या कागदांत नोंदले आहे. वाटेत पोर्तुगीजांचा गोवा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे एवढा ताफा नेणे किती जोखमीचे होते ते कळते. परतताना महाराज गोकर्णाला उतरले आणि बराचसा ताफा त्यांनी पुढे पाठवून दिला.

मुरूडसमोरचा पद्मदुर्ग याच दृष्टीने पाहावा. त्याचा मुख्य हेतू जंजिऱ्याला शह देण्याचा होता, यात शंका नाही. पण खलाशाच्या नजरेने पाहिले तर त्या नव्वद किलोमीटरच्या भगदाडात ती आपली एक ठिणगी होती. आणि नुसता तट बांधून मुक्काम होत नाही, हेही महाराज जाणून होते. १६७५ च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाकडे गेलेल्या आरमाराला रसद आणि पैसा वेळेवर पोहोचवला नाही म्हणून महाराजांनी त्याला फैलावर घेतले. पाणी, धान्य, दारूगोळा नसलेले बंदर हे बंदर नव्हे, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

चार वर्षांनी खांदेरीवर याची परीक्षा झाली. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण मराठ्यांची लहान तारवे नागावच्या उथळ खाडीत मुक्कामाला असत. तिथे इंग्रजांची जहाजे शिरू शकत नव्हती, कारण त्यांच्या तळाला तेवढे पाणीच मिळत नव्हते. रात्र झाली, वारा पडला की ही तारवे वल्ही मारत इंग्रज जहाजांना चुकवून खांदेरीला दाणापाणी पोहोचवत. मोठ्या जहाजाला जी जागा निरुपयोगी, तीच लहान होडीला गड. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. मुक्काम निवडताना आपल्या होडीचा तळ किती खोल आहे हे आधी बघावे, हा धडा खांदेरीने दिला.

आता या सगळ्या रात्रींमधली सर्वांत लांब रात्र, म्हणजे पावसाळा. चार महिने समुद्र बंद. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. पाऊस सुरू झाल्यावर जुन्नरला अडकून पडला, चिखल तुडवत पुढे बीदरला गेला आणि परतीसाठी दाभोळला जहाजात बसला. व्यापाऱ्याला असे गावात राहून दिवस काढता येतात. आरमाराला मात्र आपली गलबते कुठे तरी ठेवावीच लागतात. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त या छावणीविषयी स्पष्ट सूचना आहेत. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार छावणीला न्यावे. उघड्या किनाऱ्यावर ठेवू नये. किल्ल्याच्या आधाराने, खाडीत ठेवावे. दरवर्षी त्याच बंदरात नेऊ नये, कारण आरमाराच्या लोकांचा तिथल्या रयतेला उपद्रव होतो. शत्रू दगाफटका करील याचे भान ठेवावे. राज्यकारभारावरच्या ग्रंथात नांगर टाकण्याच्या जागेचा इतका बारीक विचार आहे, तो उगीच नाही.

आणि तरीही आपल्या आरमाराचा घात झाला तो मुक्कामाच्या जागीच. विजयदुर्ग हे कोकणातले सर्वोत्तम बंदर, हे मी वर सांगितलेच. कान्होजी आंग्र्यांच्या नंतर त्यांचे पुत्र तुळाजी यांची ती राजधानीच होती. खाडीत थोडे आत गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आजही दिसते. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज तुळाजींविरुद्ध एक झाले. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रज आरमार घेऊन विजयदुर्गावर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. तुळाजींची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना खेटून नांगरलेली होती. वारा लागणार नाही, लाट लागणार नाही, वर किल्ल्याच्या तोफा. तांडेलाच्या पहिल्या पाच गोष्टी तिथे पूर्ण होत्या. सहावी नव्हती. मुखात शत्रूची जहाजे उभी राहिल्यावर बाहेर पडायला वाट उरली नाही. १२ फेब्रुवारीला एक तोफगोळा एका जहाजावर पडला. ते पेटले, शेजारचे पेटले, आणि पाहता पाहता सगळे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण गेला.

पेशव्यांनी इंग्रजांची मदत का घेतली, तुळाजींचे कितपत चुकले, यावर इतिहासकार वाद घालत आले आहेत आणि घालत राहतील. मी विजयदुर्गाच्या तटावरून त्या शांत पाण्याकडे पाहत होतो, तेव्हा माझ्या मनात एवढेच आले की मराठ्यांचे सर्वांत मोठे आरमार समुद्रावर लढताना बुडाले नाही. ते सर्वांत सुरक्षित जागी, नांगराला बांधलेले असताना जळाले. ओढ्याकाठी गाडी सोडताना जू कुठल्या दिशेला आहे हे पाहणारे माझे आजोबा मला त्या दिवशी पुन्हा आठवले.

पुढच्या शतकात हे गणित बदलले. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभे राहिले, १८७५ मध्ये मुंबईच्या दक्षिणेला प्राँग्जचे दीपगृह पेटले. हळूहळू किनाऱ्यावर दिव्यांची माळ लागली आणि अंधारातला खडक ओळखू येऊ लागला. आगबोट आली. तिला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती, ती रात्रीही चाले. मुंबईहून निघालेला चाकरमानी रात्र बोटीवर काढून गावाच्या बंदराला उतरू लागला. मुक्कामाची बंदरे आता थांबे झाली. मग रस्ते आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि थांबेही ओस पडले. जिथे शेकडो गलबते रात्र काढत, तिथे आज मासेमारीच्या नौका तेवढ्या दिसतात.

म्हणजे हे सगळे संपले का? तसे वाटत असेल तर दोन अगदी अलीकडच्या घटना सांगतो. २०१७ च्या डिसेंबरात अरबी समुद्रात ओखी चक्रीवादळ आले. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात सापडले. त्यांतल्या साठहून अधिक नौकांनी थेट आपल्या सिंधुदुर्गाचा किनारा गाठला आणि देवगडच्या बंदरात आसरा घेतला. नऊशेहून अधिक माणसे सुखरूप उतरली. भाषा वेगळी, मुलूख वेगळा; पण वादळात कुठे शिरायचे हे त्यांनी अचूक ओळखले. शेकडो वर्षांपूर्वीच्या तांडेलाने जी जागा निवडली होती, तीच त्यांच्या कामी आली.

दुसरी घटना मे २०२१ ची. तौक्ते वादळ मुंबईजवळून जाणार असल्याचा इशारा आधीच मिळाला होता. तेलविहिरींच्या कामावरच्या कामगारांची राहण्याची सोय असलेला पी-३०५ हा मोठा तराफा मात्र बंदरात आला नाही. तो त्याच परिसरात, उघड्या समुद्रात नांगरून राहिला. १७ मेच्या वादळात त्याचे नांगर तुटले, तो भरकटला आणि बुडाला. नौदलाने मोठ्या शर्थीने बहुतेकांना वाचवले, तरी सत्तरहून अधिक माणसे गेली. उपग्रह होते, रेडिओ होता, हवामानाचा अंदाज हातात होता. पण वादळाची ती रात्र कुठे काढायची याचे उत्तर चुकले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे हीच नावे ओळीने म्हणून पाहा. मुंबईहून मालवणला निघालेल्या गलबताच्या मुक्कामांची ती यादी आहे. आता तिथे पर्यटक वाढले आहेत आणि पुढेही वाढतील. तट, बुरूज, तोफा पाहून, छायाचित्रे काढून लोक तासाभरात परत निघतात.

तुम्ही गेलात तर माझी एक विनंती आहे. तटावर चढल्यावर आधी समुद्राकडे पाठ करा आणि किल्ल्याच्या आडोशाचे पाणी पाहा. वारा कुठून येतो ते गालाला जाणवू द्या. त्या आडोशात गलबते कुठे उभी राहत असतील, ओहोटीला पाणी कुठपर्यंत उतरत असेल, आणि मुखातून बाहेर पडायची वाट किती रुंद आहे, याचा अंदाज घ्या. किल्ला तिथेच का बांधला हे मग कोणी सांगावे लागणार नाही. आणि हे सगळे दिवस मावळायच्या आत पाहा, कारण जागा उजेडीच बघायची असते. आमचे आजोबा आणि देवगडचे तांडेल, दोघांचेही यावर एकमत झाले असते.